नाव सांगायच्या आधी पालथं करून बघा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८१ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय मोकळा ठेवला आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी घंटा, छडी, गॅदरिंग आणि मधल्या सुट्टीतली बोरं यांच्या आठवणी काढल्या. माझ्यासाठी फारसं काही उरलेलं नाही. शिवाय मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. ३१ वर्षं पुण्यात कॉलेजात शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. मास्तराच्या हातात माइक दिला की तो तास घेतो, हे संयोजकांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

तासाचं साहित्य मी खिशातून आणलं आहे. ही काड्यापेटी. आमच्या तुकडीतल्या मंडळींना ती बघूनच हसू आलेलं दिसतंय. बाकीच्यांसाठी सांगतो.

आम्ही आठवीत होतो. विज्ञानाच्या बाईंनी पावसाळ्यात फर्मान काढलं होतं, की प्रत्येकाने सोमवारी काड्यापेटीत मावेल अशी एक वस्तू आणायची, मात्र ती बाजारातली नको. कुणी गोगलगायीचा शंख आणला, कुणी काजव्यांच्या ऐवजी चुकून झुरळ आणलं. मी आमच्या पडवीतल्या लाकूडफाट्यावरून एक पांढुरकी, नखाएवढी, पंख्यासारखी गोष्ट खरवडून आणली. बाईंनी विचारलं, "काय आहे?" मी ऐटीत म्हणालो, "कुत्र्याची छत्री." सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वरून बघून सांगितलंस. आता पालथं करून बघ."

पालथं केलं. खालच्या अंगाला पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पाकळ्या होत्या, आणि प्रत्येक पाकळी मधोमध उभी चिरलेली. बाईंनी ती वाळकी गोष्ट बशीत ठेवून वर चार थेंब पाणी टाकलं आणि त्या गुरुत्वाकर्षण शिकवायला लागल्या. गुरुत्वाकर्षणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. घंटा होईपर्यंत आतल्या बाजूला वळून बसलेल्या त्या चिरलेल्या पाकळ्या हळूहळू सरळ झाल्या. वाळून कडक झालेली वस्तू पाणी पिऊन पुन्हा उघडते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिचं नाव शिझोफायलम. ते मला बऱ्याच वर्षांनी एम.एस्सी.ला कळलं. बाईंनी त्या दिवशी नाव सांगितलंच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "नाव सांगायची घाई नको. आधी पालथं करून बघावं."

हे वाक्य मी पुढे ३१ वर्षं विद्यार्थ्यांना सांगितलं. आणि निवृत्तीच्याच वर्षी, जेव्हा त्याची खरी गरज होती, तेव्हा मी ते विसरलो. आज मला तीच गोष्ट सांगायची आहे. ज्यांची ही गोष्ट आहे ते दोघं या सभागृहात बसले आहेत. त्यांची परवानगी मी घेतली आहे. नाव घेणार नाही, पण आमच्या तुकडीला ते कळेलच.

तुम्हा सगळ्यांना शाळेमागचा आंबा आठवत असेल. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये तो पडला. फांद्या गेल्या, पण बुंध्याचा मोठा ओंडका तिथेच राहिला. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात, २०२३ च्या जुलैत, त्या ओंडक्यावर रांगेने तपकिरी पंखे उगवले. पातळ, चामड्यासारखे, वर एकाआड एक फिकट-गडद पट्टे, कौलं चढवल्यासारखे एकावर एक.

माझा एक वर्गमित्र गावातच असतो. दहावीला तो माझ्या शेजारी बसायचा. त्या वर्षी वहिनींना कर्करोगाचं निदान झालं होतं आणि केमोथेरपी चालू होती. दर तीन आठवड्यांनी एसटीने जायचं, सलाईन लावून घ्यायची, परत यायचं. माणूस अशा वेळी फोनवर काय काय बघतो, हे ज्यांच्या घरी असं आजारपण आलं त्यांना सांगायला नको. त्याला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. टर्की टेल नावाची बुरशी मेलेल्या लाकडावर उगवते आणि ती उकळून प्यायली की कर्करोग बरा होतो, असं त्यात म्हटलं होतं. व्हिडिओतलं चित्र आणि आंब्याचा ओंडका, दोन्ही सारखेच दिसले. त्याने फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, "हीच ना रे?"

मी पुण्यात एका लग्नात होतो. पंगतीत बसलो होतो. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने मसालेभात. फोटो बघितला आणि लिहिलं, "हो, तशीच दिसतेय."

फोटो वरून काढलेला होता.

रात्री साडेअकराला कपडे बदलताना बाई आठवल्या. पालथं केलंच नव्हतं. आणि त्याने नुसतं कुतूहल म्हणून विचारलं नव्हतं, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. जुलै महिना, पाऊस, गावात लाईट नाही. "काही करू नकोस, थांब" असा निरोप टाकला, त्यावर एकच खूण आली. रात्रभर तीच एक खूण बघत बसलो. पहाटे स्वारगेटला जाऊन मिळेल ती गाडी पकडली.

पोचलो तेव्हा दुपार टळली होती. ओटीवर सुपात पंखे वाळत घातलेले. चुलीवर टोप, त्यात चहाच्या रंगाचं पाणी. मी विचारलं, "किती दिलंस?"

"कालपासून दोनदा. अर्धा अर्धा पेला. तूच तर हो म्हणालास."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विश्वास होता, आणि तोच मला जास्त लागला.

मी सुपातला एक पंखा उचलला आणि पालथा केला. भिंग काढायचीसुद्धा गरज पडली नाही. खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं होती, इतकी मोठी की चष्मा न लावता मोजता यावीत. हिचं नाव हेक्झागोनिया. षट्कोनावरूनच पडलेलं नाव. आपल्याकडच्या मेलेल्या लाकडावर ही सर्रास सापडते. खऱ्या टर्की टेलची, म्हणजे ट्रामेटेस व्हर्सिकलरची खालची बाजू पांढरी किंवा सायीच्या रंगाची असते आणि तिची छिद्रं एवढी बारीक, की एका मिलिमीटरमध्ये तीन ते पाच बसतात. लांबून ती नुसती गुळगुळीत वाटते. भिंगातून पाहिलं तर सुईने टोचलेल्या कागदासारखी दिसते.

म्हणजे मी सांगितलेलं नाव चुकलं होतं. तेही सरळ, आठवीतल्या मुलाने पकडावं असं.

आता मास्तर म्हणून थोडं सांगतो, कारण तुमच्या परसातल्या ओंडक्यावर या दिवसांत असले पंखे असणारच. ही भिंतीतून निघालेल्या फळीसारखी लाकडातून बाहेर येणारी बुरशी असते. तिला दांडा नसतो किंवा जेमतेम असतो. आपल्याला दिसतं ते तिचं फळ. खरी बुरशी धाग्यांच्या रूपाने लाकडाच्या आत असते. आंब्याचं झाड जमिनीत गाडून नुसते आंबे वर ठेवावेत, तसं.

ती ओळखायची तर क्रम असा. पहिलं, कशावर उगवली ते बघा. मेलेल्या लाकडावर, की जिवंत झाडाच्या बुंध्यावर? आपल्या आज्यांना हे बरोबर माहीत होतं. त्या फणसांबा म्हणायच्या, म्हणजे फणसाच्या झाडावरचीच. पोराच्या तोंडातून लाळ गळायला लागली की सहाणेवर उगाळून लावायच्या. त्यांच्या नावातच झाडाचा पत्ता होता. जिवंत झाडाच्या बुंध्याशी लाखेच्या रंगाची, वर तुकतुकीत बुरशी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा असते. झाड आतून कुजत असल्याची ती खूण. तिथे नावावर वाद घालत बसू नका, झाडाखालचा बाक हलवा आणि जाणकाराला बोलवा.

दुसरं, पालथं करा. खाली छिद्रं आहेत, की पोळं आहे, की पाकळ्या आहेत, की काहीच नाही? वरून हुबेहूब टर्की टेलसारखे पट्टे असलेली एक बुरशी आहे, स्टेरियम. तिची खालची बाजू साफ गुळगुळीत असते, भिंगातूनही छिद्र सापडत नाही. लेन्झाइटीसला वर तसेच पट्टे आणि खाली पाकळ्या. वरचे पट्टे चौघींचे सारखे, खालची बाजू चौघींची वेगळी.

तिसरं, हाताने बघा. जाड की पातळ, वाकते की मोडते, वर मखमलीसारखी लव आहे की नाही. टर्की टेल पातळ असते, ताजी असताना वाकते, आणि तिचे पट्टे एक लवदार, एक गुळगुळीत असे बोटांना कळतात. चौथं, ताजा पंखा अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथ्याचा सुलटा करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी बीजाणूंची पूड पडलेली मिळाली तर तिचा रंग बघा. टर्की टेलची पूड पांढुरकी, गॅनोडर्माची तपकिरी. आणि एवढं करूनही शंका राहिली तर सूक्ष्मदर्शक असलेल्या माणसाकडे जा. या क्रमात फोटो कुठेच नाही, हे लक्षात घ्या. वरून काढलेला तर नाहीच नाही.

नावाच्या बाबतीत शहाण्यांचीही दमछाक झाली आहे. लिनियसने १७५३ मध्ये टर्की टेलला बोलेटस या घराण्यात टाकलं. पुढे ती पॉलिपोरस झाली, मग कोरिओलस, आणि आता ट्रामेटेस. जपानी लोक मात्र तिला कवाराताके म्हणतात. कवारा म्हणजे कौल. कौलासारखी एकावर एक चढणारी अळंबी. आपल्या कोकणातल्या माणसाने ठेवलं असतं तरी हेच नाव ठेवलं असतं.

तर ओटीवर परत येतो. मी मित्राला सांगितलं, "ही ती नव्हे. माझी चूक झाली." तो थोडा वेळ सुपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. मग खरी कुठे मिळते ते सांग. मी जाऊन आणतो."

खरं सांगतो, याचं उत्तर मी एसटीत तयार केलं नव्हतं. खरी हिमालयाच्या थंड जंगलांत भरपूर असते. तेवढंच सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी निघाला असता. बुरशी ओळखून दिली की काम झालं, असं मला तोवर वाटत होतं. ते अर्धंच झालं होतं.

मग मी त्याला मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्या व्हिडिओत एक धागा खरा आहे. जपानमध्ये गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून या बुरशीपासून काढलेला पीएसके नावाचा पदार्थ काही कर्करोगांत वापरला गेला. पण तो केमोथेरपीऐवजी नाही, तिच्या जोडीला. आणि ओंडक्यावरचे पंखे उकळून नाही, तर कारखान्यात वाढवलेल्या बुरशीच्या धाग्यांपासून वेगळा काढून, शुद्ध करून, मोजून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टर्की टेलला किंवा पीएसकेला कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. टोपातल्या पाण्यात काय उतरलं, किती उतरलं, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. आणि वहिनींच्या अंगात आधीच मोजूनमापून दिलेलं औषध आहे. त्यात हे न मोजलेलं पाणी घालायचं, तर निदान ते औषध देणाऱ्याला तरी सांगायला हवं.

तो म्हणाला, "डॉक्टर नकोच म्हणणार."

तेव्हा वहिनी माजघरातून बाहेर आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला. दाराच्या चौकटीला टेकून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला ते पाणी बाधेल की नाही ते डॉक्टर सांगतील. पण तुम्हाला रात्री झोप लागत नाही म्हणून तुम्ही हे उकळत बसता, ते मला दिसतंय. मी दोन वेळा घेतलं ते तुमच्यासाठी घेतलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आलात ते बरं केलंत. फोन लावा डॉक्टरांना."

आम्ही तिघांनी मिळून फोन लावला. डॉक्टर रागावले नाहीत. काय उकळलं, किती, कधीपासून, सगळं विचारलं. लगेच बंद करायला सांगितलं आणि पुढच्या केमोच्या आधी नेहमीच्या तपासण्यांबरोबर यकृताचीही तपासणी करून घेऊ म्हणाले. चार दिवसांनी रिपोर्ट ठीक आला. ठरलेल्या दिवशी केमो झाली. आणि डॉक्टर शेवटी म्हणाले ते मी लिहून ठेवलं नाही, पण अर्थ असा होता, की घरची माणसं काहीतरी देतातच हे आम्हाला माहीत असतं, न सांगता दिलं तर आम्ही आंधळे होतो.

आज वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. उपचार पूर्ण झाले आहेत, ठरावीक अंतराने तपासण्या चालू आहेत. केस परत आले आहेत आणि आधीपेक्षा कुरळे आले आहेत, असं त्याच सांगतात. बरं होण्याचं श्रेय उपचारांना आणि त्यांच्या धीराला. माझ्या वाट्याला श्रेय नाही. दोन पेले पाण्याने काही झालं नाही हे आमचं नशीब. चुकीचं नाव मी सांगितलं होतं, आणि ते प्राध्यापकाने सांगितलं होतं म्हणून त्यावर विश्वास ठेवला गेला. गावात डॉक्टर, मास्तर, वकील झालेल्या प्रत्येकाला मी हे मुद्दाम सांगतो. आपल्याला कुणीतरी फोनवर सहज काही विचारतं. आपण पंगतीत असतो. तिकडे चूल पेटलेली असते.

आता शेवटची दोन मिनिटं. एक विनंती आहे, आणि ती शाळा समितीला आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि मित्र शाळेमागे गेलो. पाऊस थांबला होता. आम्ही ओंडक्यापाशी उकिडवे बसलो आणि एकेक पंखा पालथा करत गेलो. एकाच ओंडक्यावर हेक्झागोनिया, टोकाशी आमची जुनी मैत्रीण शिझोफायलम, आणि उन्हाच्या बाजूला शेंदरी रंगाची पिक्नोपोरस, जिची खालची बाजू वरच्यापेक्षाही लालभडक. मित्राने नखाने साल उचकटली. आत लाकूड पांढरं, तंतुमय, स्पंजासारखं मऊ झालेलं होतं. लाकडाला लाकूडपण देणारा जो चिवट पदार्थ असतो, लिग्निन, तो पुरता पचवणं जगात फार थोड्यांना जमतं. या पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या त्यातल्या मुख्य. त्या नसत्या तर आजवर पडलेली झाडं रचून पडली असती आणि नव्या झाडाला माती मिळाली नसती. मित्र म्हणाला, "म्हणजे ही औषध नाही, पण बिनकामाची पण नाही." मी म्हटलं, "आपल्या आंब्याची माती करतेय. आणखी काय काम हवं?"

मला कळलं आहे की शाळेमागची जागा साफ करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचा विचार आहे. जरूर बसवा, पावसात तिथे चिखल होतो. पण त्या ओंडक्याचा एक सहा फुटांचा तुकडा कुंपणाच्या कडेला, सावलीत राहू द्या. त्याला रंग देऊ नका, त्यावर पाटी लावू नका, त्याला कुजू द्या. आमच्या १९८१ च्या तुकडीने वर्गणी काढून दहा पटीची २५ भिंगं आणली आहेत. ती आज मुख्याध्यापिका बाईंकडे देतो आहोत. आठवीच्या मुलांना पावसाळ्यात एक तास त्या ओंडक्यापाशी न्या. तोंडात काही घालायचं नाही आणि हात धुवायचे, एवढे दोन नियम सांगा. नावं सांगू नका. नावं त्यांची ती शोधतील.

आणि ही काड्यापेटी. हिच्यात त्याच ओंडक्यावरचं शिझोफायलम आहे, दीड वर्षापूर्वीचं, वाळून कडक झालेलं. चहाच्या वेळी एका बशीत ठेवून वर चार थेंब पाणी टाकणार आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी भाषणं संपल्यावर थांबावं. बाई आज असत्या तर पहिल्या येऊन उभ्या राहिल्या असत्या.